विकत घेतलेलं गाव: एड्रियाटिक किनाऱ्यावरचं स्टोन आणि १३३३ चा सौदा

प्रकरण काय आहे

जानेवारी १३३३ मध्ये सर्बियाचा राजा स्तेफान दुशान याने आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक नगराला एक सनद करून दिली. स्टोन हे गाव, त्याच्या पश्चिमेला समुद्रात लांबवर घुसलेलं पेल्येशाट्स द्वीपकल्प आणि दोन्हींना जोडणारी जमिनीची अरुंद पट्टी एवढा मुलूख त्याने नगराच्या नावे केला. बदल्यात ८,००० पेर्पेर रोख आणि पुढे दरवर्षी ५०० पेर्पेर खंडणी ठरली. पेर्पेर हे हिशेबाचं चलन होतं, एका पेर्पेरचे बारा चांदीचे दिनार.

स्टोन आजही लहानच आहे. गावठाणात काही शे माणसं राहतात. उन्हाळ्यात पर्यटक येतात, लांबलचक दगडी तटबंदीवर चढतात, कालवं खातात आणि संध्याकाळी दुब्रोव्हनिकला परततात. त्यांच्यापैकी बहुतेकांना ही तटबंदी म्हणजे एखाद्या राजाची हौस वाटते. प्रत्यक्षात ती एका व्यापारी नगराने मिठाच्या हिशेबातून उभी केली. एका नगराने एक गाव विकत का घेतलं, घेतल्यावर ते सांभाळायला काय काय करावं लागलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. माझ्या मते ८,००० पेर्पेर हा या सौद्यातला सर्वांत स्वस्त भाग होता.

पार्श्वभूमी: १३३३ च्या आधीचं स्टोन

नकाशा आधी डोळ्यांसमोर आणू. दुब्रोव्हनिकहून किनाऱ्याने वायव्येला साधारण पन्नास किलोमीटर गेलं की मुख्य भूमीतून एक द्वीपकल्प फुटतं. तेच पेल्येशाट्स, सुमारे ६५ किलोमीटर लांब. जिथे ते फुटतं तिथली जमीन जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे. या चिंचोळ्या जागेच्या दक्षिणेला उथळ खाडी, खाडीच्या काठी सपाट माळ आणि तिथेच स्टोन. उत्तरेला, मधली टेकडी ओलांडली की दुसरा समुद्र लागतो आणि त्याच्या काठी माली स्टोन, म्हणजे धाकटं स्टोन. उत्तरेचा हा समुद्र नेरेत्वा नदीच्या मुखाकडे जातो आणि नेरेत्वाच्या खोऱ्यातून वाट थेट बोस्नियाच्या डोंगरात चढते. पुढे जे घडलं त्याचा निम्मा खुलासा या भूगोलातच आहे.

रोमन काळात या जागेचं नाव स्टाग्नुम होतं. जवळची मोठी रोमन वसाहत म्हणजे नेरेत्वाकाठचं नारोना. रोमन लोक नवी जमीन ताब्यात आली की मोजणीदार पाठवून तिचे चौकोनी तुकडे पाडत. त्या मोजणीच्या सरळ रेषा स्टोनच्या माळावर बांध आणि पायवाटांच्या रूपाने अजून ओळखू येतात. राज्यं बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला, पण शेताचा बांध सहसा कोणी हलवत नाही. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात, तेव्हा हे वेगळं समजावून सांगायला नको.

सातव्या शतकाच्या आसपास स्लाव्ह लोक या किनाऱ्यावर आले. स्टोन झाहुम्ल्ये नावाच्या राज्यात गेलं. दहाव्या शतकाच्या मध्यावर बायझंटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याने झाहुम्ल्येमधल्या वसत्या गढ्यांची यादी दिली आहे, तिच्यात पहिलं नाव स्टोनचं येतं. त्या शतकाच्या सुरुवातीला इथे मिहाइलो व्हिशेविच नावाचा राजा होता. माणूस धडाडीचा. व्हेनिसच्या डोजचा, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाचा, मुलगा त्याने वाटेत पकडला आणि बल्गेरियाचा राजा सिमेओन याच्याकडे पाठवून दिला. ९२६ मध्ये समुद्र ओलांडून इटलीतलं सिपोंतो लुटलं. एवढ्याशा किनाऱ्यावरचा राजा असले उद्योग करू शकत होता, कारण बायझंटियम, बल्गेरिया आणि रोम या तिघांनाही त्याची गरज पडत होती.

अकराव्या शतकातली एक गोष्ट मात्र आजही समोर उभी राहून पाहता येते. माळाच्या कडेला टेकडीवर संत मिखाएलचं इवलंसं चर्च आहे. भिंतींत रोमन काळातले कोरीव दगड पुन्हा वापरलेले. आत शिरलं की डोळ्यांना सवय व्हायला थोडा वेळ लागतो, मग रंग दिसू लागतात. स्वर्गातून हाकलले गेलेले आदम आणि हव्वा. आणि भिंतीवर उभा एक मुकुटधारी पुरुष, हातात याच चर्चची छोटी प्रतिकृती धरलेला. चर्च बांधून देणारा दाता असा दाखवण्याची रीतच होती. बहुतेक अभ्यासक हा राजा म्हणजे दुक्ल्याचा, म्हणजे आजच्या मॉन्टेनेग्रोच्या भागातल्या राज्याचा, मिहाइलो असं मानतात. पोप सातवा ग्रेगरी याने १०७७ च्या पत्रात ज्याला राजा म्हणून संबोधलं तोच हा मिहाइलो. चित्रातली प्रतिकृती इतकी नेटकी काढली आहे की मूळ इमारतीच्या रूपाचा अंदाज बांधायला तिचा आधार घेतात. चित्रकार फार मोठ्या हाताचा नसेल, पण राजाच्या चेहऱ्यावर एक आब आहे. ही जागा कुणाच्या तरी लेखी महत्त्वाची होती, हे त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर पटतं.

बाराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सर्बियाच्या नेमान्यिच घराण्याकडे गेला आणि हुम या नावाने ओळखला जाऊ लागला. संत सावा याने १२१९ नंतर सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चची घडी बसवली, तेव्हा हुमच्या बिशपचं पीठ स्टोनमध्येच ठेवलं. तेराव्या शतकाच्या मध्यावर ते पीठ आत, लिम नदीच्या खोऱ्यात हललं. गावात ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक या दोन्ही चर्चचे संस्कार एकमेकांत मिसळलेले राहिले. हा तपशील लक्षात ठेवावा, सौद्याच्या कागदावर तो पुन्हा येतो.

अडचण

चौदाव्या शतकात दुब्रोव्हनिककडे जहाजं होती, व्यापारी होते, हिशेब होते. नव्हती ती जमीन. तटाबाहेर पाऊल टाकलं की थोड्याच अंतरावर दुसऱ्याचं राज्य सुरू. शिवाय १२०५ पासून नगर व्हेनिसचं मांडलिक. नगराचा प्रमुख, म्हणजे कोम्स, व्हेनिसहून यायचा.

नगराच्या उत्पन्नाचा मोठा आधार मीठ होता. बोस्निया आणि सर्बियाच्या डोंगरात गुरंमेंढरं भरपूर, मीठ कमी. चीज करायचं, मांस टिकवायचं, जनावरांना चाटवायचं, सगळ्यालाच मीठ लागतं. म्हणून डोंगरातले व्लाख नावाचे पशुपालक लोक घोड्यांचे तांडे घेऊन किनाऱ्यावर उतरत, कातडी, मेण, शिसं, चांदी देत आणि मीठ घेऊन जात. या किनाऱ्यावर मीठ विकण्याचे चारच मान्य बाजार होते: दुब्रोव्हनिक, नेरेत्वाच्या मुखाजवळचं ड्रियेवा, कोटोर आणि बोयाना नदीवरचं संत सेर्जियस. भलत्या ठिकाणी कोणी मीठ विकायला काढलं की दुब्रोव्हनिकची तक्रार लगेच राजदरबारी जाई.

पण बाजारावर हक्क असणं वेगळं आणि मीठ आपल्या हातात असणं वेगळं. दुब्रोव्हनिकला मीठ बाहेरून आणावं लागे. एड्रियाटिकमध्ये मिठाच्या व्यापारावर व्हेनिसची पकड होती, आणि व्हेनिस तर धनीच. धन्याच्या मर्जीवर आपल्या मुख्य धंद्याचा माल अवलंबून असणं हे कुठल्याही व्यापाऱ्याची झोप उडवणारं.

स्टोनच्या उथळ खाडीत मीठ पिकत होतं. १३२० च्या दशकात तिथे ब्रानिवोयेविच नावाच्या भावांनी आपला अंमल बसवला आणि दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांना त्रास द्यायला सुरुवात केली. वाटेवरच ते बसलेले, त्यामुळे त्यांना टाळून जायची सोय नव्हती. १३२६ मध्ये दुब्रोव्हनिकने बोस्नियाचा बान, म्हणजे तिथला शासक, दुसरा स्त्येपान कोट्रोमानिच याच्याशी हातमिळवणी करून त्यांची सत्ता मोडली. हुमचा बराचसा भाग बानाने घेतला. ब्रानिवोयेविच गेले, पण प्रश्न तिथेच राहिला. आज हे भाऊ गेले, उद्या कोण येऊन बसेल?

त्यात मालकीचा गुंता. कागदावर हुम सर्बियाच्या राजाचं, जमिनीवर ताकद बोस्नियाच्या बानाची.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहे तसं चालू द्यायचं: करार करायचे, भेटी पाठवायच्या, जकातीत सवलती मागायच्या. दुब्रोव्हनिकला ही कला उत्तम साधली होती. पण ब्रानिवोयेविचांच्या वेळी तिची मर्यादा कळली होती. करार राजाशी होतो, वाट मात्र स्थानिक सरदार अडवतो.

दुसरा म्हणजे हत्यार उपसायचं. बानाच्या मदतीने गढी फोडता येत होती, हे १३२६ मध्ये दिसलं. पण सर्बिया आणि बोस्निया या दोघांच्या मधोमध बळाने घेतलेला मुलूख राखायला लागणारं सैन्य या नगराकडे कधीच नव्हतं, आणि ज्यांना मीठ विकायचं त्यांच्याशीच लढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तिसरा, मिठाचं उत्पन्न तेवढं मक्त्याने घ्यायचं. जमीन राजाची, मिठागर आपल्या ताब्यात. स्वस्त पडलं असतं. पण मिठागर ही एका हंगामात उभी राहणारी गोष्ट नाही. बांध, दारं, वाफे, गोदामं यांत पैसा पिढ्यान्‌पिढ्या मुरवावा लागतो. मक्ता राजाच्या मर्जीने सुटतो, मग घातलेला पैसा बुडाला.

चौथा, कायमची खरेदी. महाग, पण एकदाच निकाल लावणारी. आणि ही दुशानची गरज ओळखून मांडलेली चाल होती. दुशान १३३१ मध्ये बापाला, म्हणजे स्तेफान देचान्स्की याला, दूर सारून गादीवर आला होता. त्याची नजर दक्षिणेला, बायझंटाईन साम्राज्याच्या मॅसिडोनियातल्या शहरांवर होती. १३३४ मध्ये तो ओहरिद, प्रिलेपपर्यंत पोचला. अशा राजाला बोस्नियाच्या बानाने आधीच कुरतडलेला दूरचा किनारा सांभाळण्यापेक्षा रोख रक्कम अधिक उपयोगाची होती.

सौदा

बोलणी जुळवण्यात दुशानच्या दरबारातल्या कोटोरच्या निकोला बुचा याचा हात होता. सनद स्लाव्ह भाषेत आणि लॅटिनमध्ये, दोन्हींत झाली. डोंगरातल्या दरबाराला एक, किनाऱ्यावरच्या नोटरीला दुसरी.

आता इथे दुब्रोव्हनिकच्या परिषदेने जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. दुशानला पैसे देऊन ते थांबले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यांनी बोस्नियाच्या बानाकडूनही याच मुलखाची सनद करून घेतली आणि त्यालाही दरवर्षी ५०० पेर्पेर कबूल केले. एकाच जमिनीचे दोन मालकांना पैसे. वरवर पाहता दुप्पट खर्च. पण जमिनीवर हक्क सांगणारा एक जरी मोकळा राहिला तर खरेदीखताला अर्थ उरत नाही, हे सात-बारा पाहून जमीन घेणाऱ्या कुणालाही पटेल.

दुशानने एक अट घातली. स्टोनमध्ये आणि द्वीपकल्पावर असलेल्या चर्चमध्ये सर्बियन पुरोहित राहावा आणि त्याने तिथे उपासना चालू ठेवावी. जमीन विकली तरी तिथल्या माणसांची पूजाअर्चा विकायची नाही, असा त्याचा अर्थ. दुब्रोव्हनिकने अट मान्य केली.

ताबा घेतल्यावर

खरं काम इथून पुढे सुरू झालं.

स्टोन आणि दुब्रोव्हनिक यांच्यामधला किनारा अजून दुब्रोव्हनिकचा नव्हता, तो थेट १३९९ मध्ये मिळाला. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं हे नवं गाव नगरापासून जमिनीने तुटलेलं होतं. मदत पोचणार ती समुद्रातून. तोवर गावाने स्वतःच्या बळावर टिकायला हवं. म्हणून खरेदी झाल्या झाल्या भिंतीचं काम हाती घेतलं. भिंत गावाभोवती घालून भागणारं नव्हतं. दीड किलोमीटरची ती चिंचोळी पट्टीच आरपार बंद करायची, म्हणजे मागचं अख्खं द्वीपकल्प आपोआप सुरक्षित होतं, असा विचार.

भिंत दक्षिणेच्या स्टोनपासून निघून मधल्या उभ्या टेकडीवर चढते आणि पलीकडे माली स्टोनला उतरते. दोन्ही गावांना स्वतंत्र तट, वर टेकडीवर किल्ला. माली स्टोनच्या डोक्यावरचा कोरुना किल्ला १३४७ चा, स्टोनच्या बाजूचा वेलिकी काश्तिओ त्यानंतर दहाएक वर्षांनी. एकूण लांबी मुळात सात किलोमीटरच्या घरात, त्यातली साडेपाच किलोमीटर आज उभी आहे. चाळीस बुरूज, पाच किल्ले. काम एका पिढीत संपलं नाही. पंधराव्या आणि सोळाव्या शतकातही भर पडत राहिली. फ्लॉरेन्सचा वास्तुकार मिकेलोत्सो १४६० च्या दशकात दुब्रोव्हनिकच्या नोकरीत होता, त्याचाही हात इथल्या कामाला लागला.

तटाच्या आत गाव नव्याने आखलं. काटकोनात रस्ते, घरांचे सारखे चौक, घरांच्या ओळींमधून सांडपाण्याची वाट. येऊन राहणाऱ्यांना घरासाठी जागा दिल्या. हे सगळं १३३० च्या दशकात ठरलेलं. आज स्टोनच्या गल्लीत उभं राहिलं की एका टोकाहून दुसरं टोक सरळ दिसतं. चौदाव्या शतकातल्या गावात ही सरळ रेघ आपोआप येत नाही, कोणीतरी दोरी धरून आखलेली असते.

आणि मीठ. उरण-पेणच्या बाजूला ज्यांनी मिठागरं पाहिली आहेत त्यांना स्टोनचं मिठागर ओळखीचं वाटेल. खाडीचं पाणी दारातून आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून एकातून दुसऱ्यात सोडत न्यायचं, ऊन आणि वारा त्याला दाट करत जातात, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. अवेळी एक जोराची सर आली की महिन्याची मेहनत विरघळते. शेवटच्या नऊ वाफ्यांपैकी आठांना संतांची नावं आहेत, निकोला, इव्हान, पेटार, पावाओ अशी. नवव्याचं नाव मुंडो, म्हणजे जग. मीठ इथे आजही पिकवतात.

पिकलेलं मीठ टेकडीच्या पलीकडे माली स्टोनला जायचं. तिथे पुढे स्लानित्सा नावाचं दगडी गोदाम उभं राहिलं. तिथून होड्या नेरेत्वाच्या मुखाकडे सुटत आणि ड्रियेवाच्या बाजारात व्लाखांचे तांडे वाट पाहत असत. दक्षिणेच्या समुद्रात पिकवायचं आणि उत्तरेच्या समुद्रातून विकायचं, आणि मधली वाट भिंतीच्या आत. दोन गावं एका तटाने का बांधली याचं कोडं इथे सुटतं.

जमिनीची वाटणीही झाली. दुब्रोव्हनिकच्या उमरावांना आणि काही साध्या नागरिकांना द्वीपकल्पावरचे हिस्से मिळाले. कसणारे हात तेच राहिले, फक्त आता ते दुसऱ्याच्या जमिनीवरची कुळं झाले. राज्यकारभारासाठी नगरातून एक क्नेझ, म्हणजे अधिकारी, ठरावीक मुदतीसाठी येऊ लागला. मिठागराच्या हंगामात आसपासच्या गावांतून वेठीने माणसं बोलावली जात.

पुरोहिताच्या अटीचं काय झालं? काही वर्षांतच फ्रान्सिस्कन भिक्षू आणले गेले, त्यांचा मठ उभा राहिला, आणि सर्बियन पुरोहितांची जागा कॅथलिक धर्मगुरूंनी घेतली. सनदेतली अट कागदावर राहिली.

परिणाम

दुब्रोव्हनिकच्या हिशेबाने सौदा जमला, आणि चांगलाच जमला. १८०८ मध्ये फ्रेंचांनी दुब्रोव्हनिकचं प्रजासत्ताक बरखास्त करेपर्यंत स्टोन त्यांच्याकडे राहिलं, पावणेपाचशे वर्षं. मीठ हे राज्याच्या तिजोरीचं एक मुख्य उत्पन्न बनलं. व्हेनिसचं मांडलिकत्व १३५८ मध्ये सुटलं, त्या वेळी नगराकडे स्वतःचं मीठ होतं, ही काही किरकोळ बाब नव्हती. इथे जमलेला नमुना त्यांनी पुन्हा वापरला. १३९९ चा मधला किनारा आणि पुढे १४१९ ते १४२६ या काळात दुब्रोव्हनिकच्या आग्नेयेचं कोनाव्ले, हे दोन्ही मुलूख शेजारच्या सत्ताधीशांकडून पैसे मोजून घेतले.

खंडणीची पुढची कथा मजेदार आहे. दुशानने आपल्या वाट्याचे ५०० पेर्पेर जेरुसलेममधल्या सर्बियन मठाला, संत देवदूतांच्या मठाला, लावून दिले. तो मठ ओस पडल्यावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस मारा ब्रांकोविच या सर्बियन राजकन्येच्या खटपटीने हे उत्पन्न ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या हिलांदार आणि संत पॉल या मठांकडे वळलं. सर्बियाचं राज्य बुडालं, दुशानचं घराणं संपलं, तरी कॅथलिक दुब्रोव्हनिक ऑर्थोडॉक्स भिक्षूंना स्टोनची खंडणी पाठवत होतं. पैशाचा शब्द त्यांनी पाळला. पुरोहिताचा शब्द पाळला नाही.

भिंतीचं भाग्य उतरणीचं. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या अमलाखाली तिचे दगड इमारतींसाठी काढून नेले. सप्टेंबर १९९६ च्या भूकंपाने गावातली पुष्कळ घरं मोडली. त्यानंतर दुरुस्तीचं मोठं काम झालं, म्हणून आज टेकडीवरून चालत पलीकडे जाता येतं. २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला, तेव्हापासून द्वीपकल्पावर जाण्यासाठी स्टोनची चिंचोळी वाट हा एकमेव रस्ता राहिलेला नाही.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा निर्णय बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. दोन्ही दावेदारांना पैसे देण्याचा तर त्याहून बरोबर. प्रश्न आहेत ते ताबा घेतल्यानंतरचे.

भिंतीचं घ्या. एवढी लांब तटबंदी बांधणं सोपं असेल, तिच्यावर माणसं उभी करणं अवघड. चाळीस बुरूज राखायला जेवढे हात लागतात तेवढे त्या गावात नव्हते, आणि १३४८ च्या काळ्या मृत्यूनंतर, म्हणजे प्लेगच्या साथीनंतर, तर कुठेच नव्हते. दोन गावांचे तट आणि वरचा किल्ला एवढ्यावर थांबून माणसं वसवण्यावर आधी भर दिला असता तर? विरुद्ध बाजूने असंही म्हणता येतं की भिंत लढण्यापेक्षा दाखवण्यासाठी होती. समोरच्या सरदाराला लांबूनच कळावं की इथला मालक बदलला आहे आणि तो जायला आलेला नाही. तसं पाहिलं तर तिने काम केलं. तरी पहिल्या साठ वर्षांत, गाव जमिनीने तुटलेलं असताना, मधला किनारा मिळवण्यासाठी तेवढीच धडपड दिसायला हवी होती. ते काम १३९९ पर्यंत लांबलं.

पुरोहिताच्या अटीबाबत मला मधला मार्ग दिसत नाही असं नाही. दुब्रोव्हनिकला नव्या प्रजेची निष्ठा हवी होती, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे निष्ठा चर्चमधून जाई. पण संत मिखाएलच्या भिंतीवरचा राजा दोन्ही चर्चच्या सीमेवर उभा होता. पोपने त्याला राजा म्हटलं आणि त्याच्या मुलखात दोन्ही विधी चालत. स्टोनला सरमिसळीची सवय होती. एक-दोन चर्च सनदेप्रमाणे चालू ठेवली असती तर नगराचं काहीच गेलं नसतं, उलट व्लाखांच्या तांड्यांना आणि सर्बियन दरबाराला तो रोजचा पुरावा मिळाला असता की हे लोक लिहून दिलेलं पाळतात. व्यापारी नगराला याहून मोलाची जाहिरात कुठली?

तिसरा मुद्दा कुळांचा, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत जड. मीठ पिकवणारे आणि मिठाचा पैसा मोजणारे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले. नवे रहिवासी वसवताना नगराने जागा दिल्या, आखणी दिली, म्हणजे लोकांना हिस्सा दिला की ते टिकतात हे परिषदेला कळत होतं. तीच रीत मिठागरावर लावता आली असती: वेठीऐवजी पिकाचा ठरलेला वाटा. मीठ अवेळीच्या सरीत विरघळू लागलं की धावत बांधावर कोण जाईल, ज्याला ओढून आणलंय तो, की ज्याचा त्यात वाटा आहे तो? सनदांमध्ये राजा, बान आणि परिषद यांची नावं आहेत. वाफ्यात उभं राहून मीठ ओढणाऱ्या स्टोनच्या माणसांना त्या कागदांवर जागा मिळाली नाही, आणि सौद्याचा खर्च वर्षानुवर्षं त्यांच्याच पाठीवर चढत गेला.